मॉडेल चेक-इन झालं, पण पब्लिश का नाही झालं?

डिझायनर मॉडेल चेक-इन करतो, म्हणजे आपल्या मशिनवरून कंपनीच्या सर्व्हरवर जमा करतो, सिस्टीम काही तक्रार करत नाही, आणि तो पुढच्या कामाला लागतो. तासाभराने पर्चेसमधून फोन येतो की ब्राउझरमध्ये पार्ट उघडत नाहीये, नुसता राखाडी चौकोन दिसतोय. डिझायनर म्हणतो, माझ्याकडे तर व्यवस्थित उघडतंय. दोघंही खरं बोलत असतात. मधल्या मध्ये एक तिसरा असतो, ज्याला मॉडेल उघडता आलेलं नसतं, आणि तो फोन उचलत नाही. हा लेख त्या तिसऱ्याबद्दल आहे.

आधी पब्लिश म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. कॅड फाइलमध्ये नुसता आकार नसतो. तो आकार कसा घडत गेला तेही असतं: आधी हा ब्लॉक, मग त्यातली खाच, मग कडेला २ मिमीचा फिलेट, आणि ही खाच त्या दुसऱ्या पार्टच्या मापावर अवलंबून. पर्चेसला किंवा शॉप फ्लोअरला यातलं काही नको असतं. त्यांना फिरवून बघायला, एखादं माप घ्यायला, फार तर सेक्शन मारायला मॉडेल हवं असतं. त्यासाठी प्रत्येकाला कॅडचं महागडं लायसन्स देण्यात अर्थ नाही. म्हणून सर्व्हर मूळ मॉडेलची एक हलकी प्रत काढतो. वक्र पृष्ठभागांचे बारीक बारीक त्रिकोण करतो आणि ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. सीमेन्सच्या जगात ही फाइल जेटी असते (२०१२ पासून आयएसओ १४३०६ या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक), ऑटोडेस्कच्या जगात डीडब्ल्यूएफ, आणि पीटीसीच्या जगात क्रिओ व्ह्यूची फाइल. ड्रॉइंग असेल तर जोडीला पीडीएफ.

ही प्रत काढतो कोण, तर बहुतेक वेळा मूळ कॅड सॉफ्टवेअरच. सर्व्हर रूममधल्या एखाद्या मशिनवर क्रिओ किंवा इन्व्हेंटर किंवा एनएक्स बसवलेलं असतं आणि ते कोणी माणूस न बसता चालतं. फाइली सांभाळणाऱ्या प्रत्येक सिस्टीममध्ये त्याचं नाव वेगळं: पीटीसीच्या विंडचिलमध्ये त्याला वर्कर म्हणतात, ऑटोडेस्क व्हॉल्टमध्ये जॉब प्रोसेसर, सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये टास्क होस्ट. सीमेन्सच्या टीमसेंटरमध्ये डिस्पॅचर नावाची यंत्रणा असते. नावं वेगळी असली तरी दुखणी सारखीच. मी उदाहरणं मुख्यतः विंडचिल आणि क्रिओची देतो, कारण चाकण-पिंपरी पट्ट्यात ती जोडी बरीच दिसते. बाकीच्यांनी आपापल्या सिस्टीमची नावं घालून वाचावं.

खुर्चीत कोणी नाही

पब्लिशिंगच्या बिघाडांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: वर्कर म्हणजे रिकाम्या खुर्चीसमोर चालणारं कॅड. कॅड सॉफ्टवेअर जन्मापासून माणसासाठी लिहिलेलं आहे. ते पदोपदी विचारतं. हा कंपोनंट सापडत नाही, शोधू का? मॉडेल रीजनरेट झालं नाही (पायरीपायरीने पुन्हा घडवता आलं नाही), काय करू? लायसन्स आठवड्याभरात संपतंय, माहीत आहे ना? डिझायनर दिवसभरात असे कितीतरी डायलॉग न वाचता ओके करून टाकतो आणि संध्याकाळी विचारलं तर सांगतो की काहीच एरर आली नाही. वर्करवर तोच डायलॉग येतो, आणि ओके दाबायला कोणी नसतं. कॅड थांबून राहतं. ठरलेला वेळ संपला की सर्व्हर त्या प्रोसेसला मारून टाकतो आणि जॉबपुढे लिहितो: फेल.

पूर्वी निदान तो डायलॉग दिसायचा तरी. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळात सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) आणि मशिनसमोर लॉगिन केलेला माणूस एकाच सेशनमध्ये असायचे. सर्व्हिसने काही विचारलं की समोरच्या स्क्रीनवर खिडकी यायची. विंडोज विस्टा आणि सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी सगळ्या सर्व्हिसेस 'सेशन शून्य' मध्ये वेगळ्या कोंडल्या. तिथे कोणी माणूस लॉगिन करत नाही. काही वर्षं 'एक प्रोग्राम तुम्हाला संदेश दाखवू पाहतोय' असं सांगणारी छोटी सोय होती. विंडोज १० च्या १८०३ या व्हर्जनपासून आणि सर्व्हर २०१९ पासून तीही काढून टाकली. त्यामुळे वर्कर सर्व्हिस म्हणून चालत असेल तर त्याचा डायलॉग तुम्हाला कधीच दिसणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये क्रिओची एक्सटॉप नावाची प्रोसेस दिसेल, सीपीयू शून्य टक्के, आणि तासभर तसंच. सीपीयू शून्य आणि जॉब चालू, हे दोन्ही एकदम दिसलं की समजायचं: तो काहीतरी विचारतोय.

म्हणून बऱ्याच ठिकाणी वर्कर सर्व्हिस म्हणून न चालवता, एका साध्या युजरने लॉगिन करून चालवतात. व्हॉल्टच्या जॉब प्रोसेसरला तर पर्यायच नाही. ते साधं विंडोज ॲप्लिकेशन आहे, कोणीतरी लॉगिन केलेलं असावंच लागतं. इथून नवी गंमत सुरू होते. आयटीतला कोणी रिमोट डेस्कटॉपने त्या मशिनवर जातो, काम उरकतो आणि सवयीने 'साइन आउट' करतो. झालं. सेशन संपलं, वर्करही संपला. खिडकीची फुली मारून नुसतं डिसकनेक्ट केलं असतं तर तो चालू राहिला असता. पण तेव्हाही एक अडचण आहेच: डिसकनेक्ट झालेल्या सेशनमध्ये स्क्रीन रंगवली जात नाही, त्यामुळे स्क्रीनवरून थंबनेल उचलणारे प्रोग्राम काळे चौकोन जतन करतात. मॉडेल व्यवस्थित, थंबनेल काळं, असा जॉब दिसला तर आधी हेच तपासा.

आणखी एक वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. पुढच्या चार-पाच दिवसांत कधीतरी आयटी ते सर्व्हरवर चढवते, मशिन आपोआप रीस्टार्ट होतं आणि लॉगिनच्या स्क्रीनवर येऊन थांबतं. सकाळी रांगेत दोनशे जॉब आणि वर्कर गायब. महिन्यातून एकदाच, तेही साधारण त्याच आठवड्यात पब्लिशिंग बंद पडत असेल तर क्रिओचे लॉग चाळत बसू नका. मशिन चालू होताच आपोआप लॉगिन व्हावं अशी सोय करा (मायक्रोसॉफ्टचं ऑटोलॉगऑन नावाचं छोटं टूल आहे), आणि त्या अकाउंटला वर्कर चालवण्यापुरतेच हक्क द्या.

आधी एक ठोकळा

जॉब फेल झाला की लोक लगेच लॉग उघडतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी एक ठोकळा पब्लिश करा.

म्हणजे असं: सिस्टीममध्ये एक साधा घन कायमचा ठेवून द्या. १०० मिमीच्या बाजू, एक भोक, बाहेरचे संदर्भ शून्य. काही बिनसलं की पहिल्यांदा त्याला पब्लिशला टाका. ठोकळाही फेल झाला तर दोष वातावरणात आहे: लायसन्स, अकाउंट, नेटवर्क, डिस्क, वर्कर. ठोकळा पास आणि तुमची असेंब्ली फेल, तर दोष डेटात आहे, आणि सर्व्हरला हात लावायची गरज नाही. एवढ्याने निम्मं रान कमी होतं. ज्यांना जमेल त्यांनी हा ठोकळा रोज पहाटे आपोआप पब्लिश होईल अशी व्यवस्था करावी. डिझायनर कामावर येण्याआधी तुम्हाला कळलेलं असेल.

ठोकळा फेल झाला तर पुढचा प्रश्न, जॉब अडलाय कुठे? विंडचिलमध्ये चेक-इन झालं की जॉब एका पब्लिशर क्यूमध्ये जातो. सर्व्हरवरची बॅकग्राउंड प्रोसेस तो उचलते, मोकळा वर्कर शोधते, वर्कर क्रिओ उघडतो, मॉडेल आणि त्याचे सगळे संदर्भ सर्व्हरवरून खाली उतरवतो, रूपांतर करतो, तयार फाइल परत चढवतो. जॉब 'रेडी' वरच थांबला असेल तर क्यू बंद पडलेली आहे किंवा वर्कर हजर नाही. क्रिओचा संबंधच आलेला नाही. 'एक्झिक्यूटिंग' वर लटकला असेल तर खुर्चीचा प्रश्न. काही सेकंदांत फेल झाला तर क्रिओ सुरूच झालं नाही, बहुधा लायसन्स किंवा पासवर्ड. आणि वीस मिनिटं राबून शेवटच्या क्षणी फेल झाला तर तयार फाइल परत चढवताना अडचण आली असण्याची शक्यता दाट. किती वेळाने फेल झाला हा आकडा एररच्या मजकुरापेक्षा जास्त बोलतो, असा माझा अनुभव आहे.

सकाळी फेल, रात्री पास

एक ठरलेला नमुना आहे: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा जॉब फेल होतात, आणि तेच जॉब रात्री टाकले की निमूट पास. हे ऐकल्यावर दुसरं काही बघू नका, लायसन्स बघा. वर्कर कॅड उघडतो म्हणजे तोही एक लायसन्स घेतो. फ्लोटिंग लायसन्स (सगळ्यांत मिळून वापरायची ठरावीक संख्या) असतील तर सकाळी सगळे डिझायनर येऊन बसतात आणि वर्करच्या वाट्याला काही उरत नाही. आणि त्याला 'जरा थांबतो, कोणाचं सुटलं की घेतो' हे सहसा शिकवलेलं नसतं. तो सरळ फेल होतो.

फ्लेक्सनेट लायसन्स सर्व्हरवर ऑप्शन फाइलमध्ये 'रिझर्व्ह' ची ओळ टाकून वर्करच्या अकाउंटसाठी एक लायसन्स राखून ठेवता येतं. मॅनेजमेंटला हे आवडत नाही, कारण राखून ठेवलेलं लायसन्स वर्कर रिकामा असला तरी दुसऱ्या कोणाला मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: राखून ठेवा. एका डिझायनरला कधीतरी दहा मिनिटं थांबावं लागेल त्यापेक्षा रोज चाळीस जॉब फेल होण्याची किंमत जास्त आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी जॉबचा अग्रक्रम ठरवावा. रिलीज झालेली मॉडेल्स दिवसा, बाकीची रात्री.

याच्या उलटही घडतं. वर्करने क्रिओ बंदच केलं नाही, लायसन्स धरून बसला, आणि डिझायनर ओरडायला लागले. टास्क मॅनेजरमध्ये एक्सटॉपच्या पाच प्रोसेस दिसत असतील आणि जॉब एकच चालू असेल, तर उरलेल्या चार मागच्या फेल झालेल्या जॉबच्या आहेत. त्या मारा, पण मारण्याआधी कोणता जॉब कोणती प्रोसेस सोडून गेला ते नोंदवा, नाहीतर उद्या पुन्हा तेच.

बाकी वातावरणाची कारणं भराभर सांगतो, कारण एकदा माहीत असली की ती लगेच सापडतात. वर्करच्या अकाउंटचा पासवर्ड नव्वद दिवसांनी एक्स्पायर होतो, आणि तो बदलायचा हे कोणाच्याच लक्षात नसतं. सर्व्हरचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट बदललं आणि वर्करला नवं माहीत नाही. सगळे वर्कर एकाच दिवशी एकदम आडवे झाले तर हेच. (सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली गेली आणि पुढे ती आणखी कमी करायचं ठरलं, त्यामुळे ही भानगड वर्षातून एकदा तरी ठरलेली.) अँटिव्हायरस वर्करच्या टेंप फोल्डरमधली फाइल तपासायला धरून ठेवतो आणि नेमकं तेव्हाच क्रिओला तिच्यात लिहायचं असतं. डिस्क भरते, कारण प्रत्येक फेल झालेला जॉब आपलं फोल्डर मागे सोडून जातो.

मॅप केलेल्या ड्राइव्हबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण यात अनुभवी लोकही फसतात. तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये टायटल ब्लॉकचा (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीचा) फॉरमॅट 'एक्स ड्राइव्ह' वर आहे असं लिहिलंय. तुम्ही त्याच मशिनवर लॉगिन करून क्रिओ उघडता, सगळं उत्तम चालतं. वर्कर मात्र फेल. कारण मॅप केलेला ड्राइव्ह मशिनचा नसतो, लॉगिन केलेल्या सेशनचा असतो. तुमच्या सेशनमध्ये एक्स ड्राइव्ह आहे, सर्व्हिसच्या सेशनमध्ये तो अस्तित्वातच नाही. उपाय सोपा: ड्राइव्हचं अक्षर वापरूच नका, दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. पण यातून तपासणीचा एक नियम निघतो, आणि तो सगळ्या कारणांना लागू आहे. 'त्याच मशिनवर माझ्याकडे उघडतंय' या वाक्याला किंमत नाही. त्याच मशिनवर, *त्याच अकाउंटने*, वर्कर ज्या कॉन्फिगने आणि ज्या कमांडने क्रिओ सुरू करतो त्याच कमांडने उघडून बघा. तसं केलं की वर्करला दिसणारा डायलॉग तुम्हालाही दिसेल, आणि पुष्कळदा तपास तिथेच संपतो.

फॉन्टचंही तसंच. टायटल ब्लॉकमध्ये कंपनीचं नाव देवनागरीत असेल किंवा टॉलरन्सच्या चिन्हांसाठी खास फॉन्ट असेल, आणि तो फॉन्ट डिझायनरच्या लॅपटॉपवर आहे पण वर्करवर नाही, तर पीडीएफमध्ये चौकोन येतात. जॉब पास झालेला असतो. हे शॉप फ्लोअरवर जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

डेटाची दुखणी

ठोकळा पास झाला, असेंब्ली फेल झाली. आता डिझायनरशी बोलावं लागतं, आणि इथे जरा नाजूक काम असतं, कारण त्याच्या स्क्रीनवर ते खरोखरच उघडतंय.

उघडतंय, कारण त्याच्या लोकल वर्कस्पेसमध्ये एक बोल्ट पडून आहे जो त्याने चेक-इन केलेलाच नाही. सर्व्हरसाठी तो बोल्ट नाहीच. विंडचिल अशा वस्तूची रिकामी जागा धरून ठेवतं. संदर्भ आहे, फाइल नाही. वर्कर असेंब्ली उतरवतो, बोल्ट शोधतो, सापडत नाही, क्रिओ विचारतं, खुर्ची रिकामी. तपासायची पद्धत: डिझायनरला सांगा की नवं, पूर्ण रिकामं वर्कस्पेस बनव आणि त्यात ही असेंब्ली उघडून दाखव. लोकल सर्च पाथ बंद करून. बऱ्याच वेळा चेहरा तिथेच बदलतो.

दुसरं कारण जास्त गुंतागुंतीचं आहे. असेंब्ली 'ॲज स्टोअर्ड' उघडायची की 'लेटेस्ट'? ॲज स्टोअर्ड म्हणजे चेक-इन करताना ज्या आयटरेशनचे (दर चेक-इनला बनणाऱ्या आवृत्तीचे) पार्ट होते तेच. लेटेस्ट म्हणजे आज प्रत्येक पार्टचं जे सर्वांत नवं असेल ते. डिझायनरने मंगळवारी ॲज स्टोअर्ड तपासून चेक-इन केलं. बुधवारी दुसऱ्या कोणी ब्रॅकेट बदलला आणि ज्या कडेवर तिसऱ्या पार्टचा मेट (जोड) बांधलेला होता ती कड काढून टाकली. वर्कर लेटेस्टवर लावलेला असेल तर गुरुवारी तीच असेंब्ली पुन्हा पब्लिश करताना रीजनरेशन फेल होतं, आणि असेंब्लीला तर कोणी हातही लावलेला नसतो. 'काहीच बदललं नाही तरी फेल झालं' असं कोणी म्हणालं की हे आठवावं. कोणता पर्याय ठेवायचा हे कंपनीच्या पद्धतीवर आहे, पण तो जाणीवपूर्वक ठरवलेला असावा. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी इन्स्टॉल करणाऱ्याने जे ठेवलं तेच चालू होतं.

क्रिओमध्ये रीजनरेशन फेल झाल्यावर थांबायचं की फेल झालेलं फीचर तसंच ठेवून पुढे जायचं, हे एका कॉन्फिग ऑप्शनने ठरतं. डिझायनरच्या कॉन्फिगमध्ये थांबायचा पर्याय असेल आणि तीच फाइल कोणी वर्करवर कॉपी केली असेल, तर वर्करही थांबणार. वर्करचं कॉन्फिग वेगळं आणि स्वतःचं असावं. डिझायनरचं कॉन्फिग माणसासाठी लिहिलेलं असतं.

फॅमिली टेबलवाल्यांना (एका मूळ मॉडेलवरून मापं बदलून अनेक पार्ट काढणाऱ्यांना) एवढंच सांगतो की इन्स्टन्स, म्हणजे असा एकेक पार्ट, पब्लिश करायला जेनेरिक, म्हणजे ते मूळ मॉडेल, लागतो, आणि जेनेरिक चेक-आउट करून अर्धवट बदलून ठेवला असेल तर शंभर इन्स्टन्स एकदम फेल होऊ शकतात. शंभर जॉब बघू नका, एक जेनेरिक बघा.

व्हर्जनचा घोळ सगळ्यांना माहीत असतो तरी दर अपग्रेडला होतो. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुनं व्हर्जन नेहमीसारखी उघडत नाही, हे बहुतेक सगळ्या कॅड सॉफ्टवेअरला लागू आहे. डिझायनरचे लॅपटॉप आधी अपग्रेड झाले आणि वर्कर मागे राहिला, की त्या दिवसापासूनची नवी मॉडेल्स फेल आणि जुनी पास. म्हणून वर्कर आधी किंवा बरोबर अपग्रेड करा. एक अपवाद सांभाळा: वर्कर नुसती प्रत काढत नसून मूळ फाइलमध्येही काही लिहून परत ठेवत असेल (प्रॉपर्टी अपडेट करणारे, रिव्हिजन टेबल भरणारे जॉब असं करतात), तर नव्या व्हर्जनचा वर्कर फाइल नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून ठेवू शकतो आणि मग ती डिझायनरलाच उघडणार नाही. व्हर्जनची ही चूक किती महाग पडू शकते याचं उदाहरण एअरबस ए३८० चं आहे. २००६ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या विलंबामागे वायरिंगचं काम करणाऱ्या हॅम्बर्ग आणि तुलूजच्या गटांकडे कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरची वेगवेगळी व्हर्जन्स असणं (जर्मनीत व्ही ४, फ्रान्समध्ये व्ही ५) हे एक प्रमुख कारण मानलं गेलं. केबल हार्नेस (वायरींचे जुडगे) विमानात बसवताना लांबी पुरेना.

फाइलच्या पत्त्याची लांबी हे किरकोळ वाटणारं पण वेळ खाणारं कारण. विंडोजमध्ये पारंपरिक मर्यादा २६० अक्षरांची आहे, ड्राइव्हच्या अक्षरासकट. वर्कर आपल्या टेंप फोल्डरमध्ये जॉबच्या नावाचं फोल्डर, त्यात आणखी एक, असं करत फाइल उतरवतो, आणि डिझायनरच्या मशिनवर मावलेलं नाव वर्करवर मावत नाही. विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून ही मर्यादा उठवता येते, पण प्रोग्रामलाही ते मान्य असावं लागतं, आणि जुनी कॅड सॉफ्टवेअर मानतीलच असं नाही. वर्करचं फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी, दोन-तीन अक्षरी नावाचं ठेवलं की काम भागतं.

वर्कर दमतो

सपोर्टवाल्यांचं पहिलं उत्तर 'रीस्टार्ट करून बघा' हे असतं, आणि वैताग असा की पुष्कळदा ते लागू पडतं. त्यामागे कारण आहे. विंडोज एका प्रोसेसला जीडीआय ऑब्जेक्ट (पेन, फॉन्ट, ब्रश वगैरे रंगवण्याची साधनं) ठरावीकच देतं, डिफॉल्ट मर्यादा १०,०००. डिझायनर रोज संध्याकाळी कॅड बंद करतो, म्हणून त्याला ही मर्यादा सहसा भेटत नाही. वर्कर आठवडाभर तीच प्रोसेस चालवतो, प्रत्येक मॉडेलमागे थोडी साधनं परत करायची राहतात, आणि शेवटी एक अत्यंत साधा पार्ट उघडताना तो कोसळतो. त्या पार्टमध्ये काही दोष नसतो. शंभर जणांनी ती फाइल तपासली तरी काही सापडणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्टचा कॉलम लावा आणि दोन दिवस आकडा चढतो का पाहा. चढत असेल तर ठरावीक जॉबनंतर कॅड आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल असं लावा. मेमरीचंही तसंच, मोठ्या असेंब्लीनंतरचा जॉब फेल होतो, असेंब्ली स्वतः पास होते.

मोठ्या असेंब्ली वेळेत होत नाहीत म्हणून टाइमआउट वाढवण्याचा मोह होतो. जरूर वाढवा, पण आधी जॉब खरंच काम करत होता का ते सीपीयूवर बघा. डायलॉगवर अडकलेल्या जॉबचा टाइमआउट एक तासावरून चार तासांवर नेला, तर रांग चार पट तुंबते, एवढंच होतं. आणि जॉब खरोखर काम करत असेल, तर तो एवढं काय करतोय हेही विचारा. बहुतेकदा कोणीतरी स्क्रूचा आटा खरा हेलिक्स (मळसूत्र) काढून मॉडेल केलेला असतो आणि तो स्क्रू असेंब्लीत चारशे वेळा आलेला असतो. त्रिकोणांची संख्या अफाट वाढते. आटा कॉस्मेटिक (नुसता दाखवण्यापुरता) ठेवला की प्रश्न मिटतो. पब्लिशची अचूकता (कॉर्ड हाइट, म्हणजे त्रिकोण मूळ वक्रापासून किती दूर चालतील ते) गरजेपेक्षा बारीक ठेवली असेल तरी हेच होतं.

लॉग कसा वाचायचा

इतकं सगळं तपासल्यावर लॉग. एका जॉबचे निदान तीन लॉग असतात: सर्व्हरचा, वर्कर एजंटचा आणि कॅडचा. सर्व्हरच्या लॉगमधली शेवटची ओळ जवळजवळ नेहमी निरुपयोगी असते. 'पब्लिश फेल' किंवा 'आउटपुट फाइल सापडली नाही'. फाइल सापडली नाही कारण ती बनलीच नाही, आणि का बनली नाही हे सर्व्हरला माहीत नसतं. वर जात राहा, पहिली एरर शोधा. तिन्ही मशिनची घड्याळं जुळलेली आहेत का तेही आधी पाहा, नाहीतर चुकीच्या जॉबचा लॉग वाचत बसाल.

क्रिओमध्ये एक खजिना आहे ज्याकडे कोणी बघत नाही: ट्रेल फाइल. क्रिओ आपली प्रत्येक हालचाल, उघडलेला मेनू, आलेला डायलॉग, दाबलेलं बटण, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत जातं. वर्करने सुरू केलेलं क्रिओही लिहितं. अडकलेल्या जॉबच्या ट्रेल फाइलची शेवटची ओळ वाचा. सेशन शून्यात कोंडलेला, तुम्हाला दिसू न शकणारा तो डायलॉग तिथे नावानिशी लिहिलेला असतो. सपोर्टला तिकीट टाकताना 'पब्लिश होत नाही' असं लिहू नका. ठोकळा पास की फेल, किती वेळाने फेल, ट्रेलची शेवटची ओळ, आणि वर्करच्या अकाउंटने हाताने उघडल्यावर काय झालं, हे चार मुद्दे लिहा. पीटीसी, सीमेन्स, दसॉ या तिघांचीही मोठी केंद्रं पुण्यात आहेत, पण शेजारी असले तरी पहिल्या मेलमध्ये ते हेच विचारतात.

पास झालेला, पण चुकीचा

फेल झालेला जॉब निदान लाल दिसतो. खरा धोका हिरव्या जॉबमध्ये असतो. वर्करला 'कंपोनंट सापडला नाही तर सोडून पुढे जा' असं सांगितलेलं असेल, तर एक पंप बिनाइम्पेलरचा पब्लिश होतो आणि जॉब पास दिसतो. काही ठिकाणी सेटिंग असं असतं की नव्या आवृत्तीचं पब्लिश होईपर्यंत जुन्याच आवृत्तीचं चित्र पुढे दाखवायचं. नवीन पब्लिश फेल झालं तर शॉप फ्लोअर जुनाच होल पॅटर्न पाहत राहतो आणि त्यावर काम करतो. म्हणून 'सापडलं नाही तर पुढे जा' हा पर्याय मी फक्त रिलीज न झालेल्या मॉडेलसाठी ठेवतो. रिलीज झालेलं मॉडेल अर्धवट पब्लिश होण्यापेक्षा फेल व्हावं, आणि त्याचा मेल ॲडमिनबरोबर ज्याने चेक-इन केलं त्यालाही जावा. मेल सगळ्यांना पाठवू नका. सगळ्यांना गेलेला मेल दोन आठवड्यांत कोणीच उघडत नाही.

दोष सापडून दुरुस्त झाला की साठलेले फेल जॉब पुन्हा टाकायचे असतात. सगळे निवडून एकदम टाकले तर रांग तुंबते आणि आज सकाळी चेक-इन केलेला डिझायनर संध्याकाळपर्यंत ताटकळतो. आधी रिलीज झालेली टाका, तीही कमी प्राधान्याने आणि रात्री. ज्या मॉडेलची त्यानंतर नवी आवृत्ती आलेली आहे, त्यांची जुनी आवृत्ती पब्लिश करायची गरज आहे का ते डिझायनरला विचारा, बहुतेकदा नसते. आणि जे मॉडेल प्रत्येक वेळी वर्करला घेऊन कोसळतं, ते रांगेतून बाहेर काढून वेगळ्या वर्करवर ठेवा. नाहीतर ते दर वेळी फेल होणार, पुन्हा रांगेत येणार आणि मागच्या सगळ्यांना अडवणार.